मावशींची गाडी पास झाली

बोरीवलीच्या पीयूसी केंद्रावर माझ्यापुढे एक मावशी जुनी लाल गाडी घेऊन उभ्या होत्या. मागच्या वेळी गाडी नापास झाली, तेव्हा घरचे म्हणाले, विकून टाक.

"धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला होता. कंपनीचा परवडेना. मग साकीनाक्याला चार दुकानं फिरले आणि दुसऱ्या कंपनीचा नवा, स्वस्तातला बसवून घेतला," त्या मला सांगत होत्या. हात मात्र बॉनेटवरून फिरत होता, आजारी लेकराला थोपटावं तसा.

तपासणारा ओरडला, "पास!"

मावशींनी खिडकीतून हात घालून लांबलचक हॉर्न वाजवला आणि तिथूनच बहिणीला फोन लावला. "बॅग भर गं! मालवणला आपल्याच गाडीनं जायचं. हो, मीच चालवणार!"

रांगेतल्या आम्ही अनोळखी माणसांनी चक्क टाळ्या वाजवल्या. इतकं जिंकलेलं माणूस मी एवढ्या जवळून क्वचितच पाहिलंय.