गुलाबी चेंबर

"आज गावात लय लग्नं हायती," असं म्हणत मामा डोळे मिटायचे आणि गावाचं सांडपाणी आत येतं त्या कठड्यावर वाकून खोल श्वास घ्यायचे. तुम्ही-आम्ही जिथं नाकाला रुमाल लावू, तिथं हा माणूस अत्तराच्या दुकानात उभा असल्यासारखा. जाळीला चरबी अडकली की म्हणायचे, "गावानं मटान हाणलंय." एकदा ऐन श्रावणात हेच म्हणाले आणि लगेच जीभ चावली. "म्याडम, ह्ये रजिस्टरात लिवू नगा. घराघरात भांडणं लागतील."

कृष्णाकाठच्या आमच्या लहानशा नगरपालिकेच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात मी नमुने तपासायला रुजू झाले, तेव्हा मामा तिथं ठेकेदाराकडून ऑपरेटर होते. मूळचे जत तालुक्यातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. टाकीत मैला खाणारे जंतू असतात आणि त्यांना हवा लागते, एवढं कुणीतरी सांगितलेलं त्यांना पुरलं होतं. "आमच्याकडं माणसाला टँकर, आन हितं किड्यास्नी तळं! पुण्यवान बेणी." हवेचा ब्लोअर बंद पडला की हातातला घास टाकून पळायचे.

एका सकाळी टाकीवर पांढरा फेस आला. वास आंबूस. नमुना तपासला तर निम्मे जंतू मेलेले. चार दिवसांत आमचं पाणी नदीला मिळतं तिथं मासे उलटे तरंगू लागले. नगरपालिकेनं ठपका ठेवला तो ऑपरेटरच्या हयगयीवर. ठेकेदार म्हणाला, "आठवड्यात सुधारलं न्हाई तर घरी बसा."

मामांनी पहार उचलली आणि ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं उघडत गावाकडं निघाले. मी मागं बाटल्या घेऊन. प्रत्येक झाकणाशी वाकायचे, हुंगायचे, "फुडं" म्हणायचे. एका डेअरीच्या भिंतीपाशी थांबले. तिच्या अलीकडच्या चेंबरला आंबूस वास, पलीकडच्याला नुसता गावाचा.

"पनीरचं पाणी सोडत्यात."

डेअरीच्या मालकांना नगरपालिकेत मान होता. ते म्हणाले, "आमचं पाणी शोषखड्ड्यात जातं. ड्रेनेजचा आमचा संबंधच न्हाई." विषय मिटला.

मामांचा मिटला नव्हता. त्यांनी हलवायाकडून बर्फीत घालायचा गुलाबी रंग आणला. "खायचा हाय. किड्यास्नी बाधत न्हाई." मग 'झाकण तुटलंय, बघून जावा' म्हणून मुख्याधिकाऱ्यांना बोलावलं, त्यांना आणि मला डेअरीच्या अलीकडच्या उघड्या चेंबरपाशी उभं केलं आणि स्वतः किटली घेऊन डेअरीत ताक आणायला गेले. किटली विसळायच्या निमित्तानं मोरीत रंगाची अख्खी डबी उपडी केली.

आम्ही उन्हात. साहेब सारखे घड्याळ बघत होते. "कुठं तुटलंय झाकण?" असं त्यांनी विचारलं आणि तेवढ्यात खालचं पाणी गुलाबी झालं. थोडंथोडकं नव्हे, लग्नातल्या सरबतासारखं. माणसं गोळा झाली. मामा ताकाची किटली घेऊन गर्दीत येऊन उभे राहिले, चेहरा देवळातल्यासारखा.

पाठोपाठ मालक तणतणत आले. "कुणी केलं ह्ये? माज्या मोरीत रंग कुणी वतला?"

मामा अदबीनं म्हणाले, "मालक, तुमची मोरी शोषखड्ड्यात जाती न्हवं? मग तुमचा रंग हितं कसा आला?"

साहेबांना जोराचा खोकला आला. गर्दीनं मात्र खोकल्याचं सोंग केलं नाही.

डेअरीची ती जोडणी तोडली. पंधरा दिवसांत फेस ओसरला. मी नमुन्याचा आकडा सांगितला तेव्हा मामांनी मांडीवर थाप मारली. "हौदु!" फार आनंद झाला की त्यांच्या तोंडी सीमेवरचं कानडी 'होय' यायचं.

महिन्याभरात ठेकेदारानं त्यांना फलटणकडच्या कामावर धाडलं. कारण कुणी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. मी भांडायला निघाले तर मामांनीच अडवलं. "ऱ्हाऊ द्या वो. तितंबी गाव हाय, गावाला मोऱ्या हायती."

जायच्या दिवशी ते मला नदीवर घेऊन गेले. आमच्या पाण्याच्या तोंडाशी बोटभर मासे परत आले होते. मामा उकिडवे बसले, खिशातून भाकरी काढली आणि चुरून टाकत राहिले.

"ह्यास्नी सवय लागलीया," म्हणाले. "तेवढं बघा."

आता दुपारच्या डब्यातली चतकोर भाकरी मी मागं ठेवते. मासे बोटभर राहिलेले नाहीत. चतकोर पुरत नाही.