बायजाबाईच्या तोंडची नावं

अमरावतीच्या शाळेत इंग्रजी शिकवताना मी पोरांना निक्षून सांगत असे— पिंपळावर वटवाघळं असतात, दुसरं काही नसतं. अंगात येणाऱ्या बायांना मी तोंडावर हसलेलो आहे. तेव्हा ही हकीकत वाचून तुम्ही मला हसलात, तर माझी तक्रार नाही... फक्त शेवटपर्यंत वाचा.

अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. कापूस खरेदी करणाऱ्या एका साहेबाने मला दुभाष्या म्हणून ठेवलं. दोन हंगाम आम्ही अकोला, तेल्हारा, हिवरखेड असे फिरलो. मग विलायतेतल्या गिरणीवाल्यांची तक्रार आली— वऱ्हाडी कापसाचा धागा आखूड, वर काडीकचरा फार. त्यांची समजूत घालायला साहेब निघाला आणि मलाही घेऊन गेला. समुद्र ओलांडतो म्हणून घरच्यांनी अबोला धरला. तरी गेलो.

गाव गिरण्यांचं, पण निम्मी धुराडी थंड. कापूसच नाही तर चालणार काय? धडधाकट विणकर फुकटच्या सूपासाठी भांडी घेऊन रांगेत उभे. त्याच सालात आमच्याकडे लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवत होते! रांगेवरून जाताना मान वर होत नसे. तिथे एकही दिवस मला स्वस्थता लाभली नाही.

चौकात दगडी खांब होता. रशियाशी झालेल्या लढाईत मेलेल्या त्या गावच्या शिपायांची नावं त्यावर कोरलेली. सरदारांची नव्हे— विणकरांच्या, लोहारांच्या मुलांची. आमच्या वीरगळावर घोडा असतो, तलवार असते. पण माणसाचं नाव विचारा, गावात कुणाला सांगता येत नाही. मी हे वहीत टिपून घेतलं.

दर साली एका दुपारी ती नावं मोठ्याने वाचतात. साहेबाबरोबर मीही गर्दीत उभा होतो. पाद्रीबाबांनी सुरुवात केली— "जॉन हार्डी... विल्यम शॉ..." आणि तिसरं नाव त्यांनी घेण्याआधी माझ्याच तोंडून निघालं— "म्याथू ली."

"मॅथ्यू ली," पाद्रीबाबा म्हणाले.

पुढचीही सगळी नावं मला येत होती.

हिवरखेडला आम्ही ज्या पाटलांकडे उतरायचो, त्यांची विधवा बहीण बायजाबाई. रेच्यावर कापसातली सरकी काढताना ती एक गाणं म्हणायची— "जान हाडी, इल्यम शा, म्याथू ली..." असे दहा-बारा बिनअर्थाचे शब्द. एका मोठ्या तापात ते तिच्या तोंडी बसले, असं घरचे सांगत. दोन हंगाम मी ते ऐकत होतो. इंग्रजीचा मास्तर मी. पण जिने कधी पाटी धरली नाही, तिच्या तोंडी इंग्रजी नावं असतील, असं कुणाच्या मनात तरी येईल का?

"टॉमस पीक," पाद्रीबाबांनी शेवटचं नाव वाचलं. लोकांनी टोप्या डोक्यावर चढवल्या. बायजाबाईचं गाणं मात्र तिथे संपत नसे... तिचा उरलेला एक शब्द माझ्या तोंडून गेलाच— "येबल कोरो."

शेजारच्या म्हाताऱ्या विणकराने माझी बाही घट्ट धरली. "एबल क्रो? माझ्या पोराचं नाव तुम्हांला कुणी सांगितलं?"

एबल रणातून पळाला, असा त्याच्यावर ठपका होता. म्हणून खांबावर त्याला जागा नव्हती. म्हातारा दर साली अर्ज करी, खांबाची कमिटी दर साली नाही म्हणे.

माझा हवाला देऊन त्याने पुन्हा अर्ज केला, तेव्हा या वेळी टाऊन हॉलात सभा भरली. पोटात पुरतं अन्न नाही, आणि हॉल गच्च! वाद कशाचा, तर दगडावरच्या एका नावाचा. मेयरने मला उभं केलं. मी घडलं तसं सांगितलं. लोक हसले. साहेब दातओठ खात पुटपुटला, "खाली बस. माझी अब्रू घालवतोस."

नोकरी गेली, हे मला तिथेच कळलं. तरी म्हणालो, "तिच्या गाण्यात पीकच्या मागून क्रो येतो. मला एवढंच ठाऊक आहे."

मागच्या बाकावरून कुबडी वाजली. एक पाय गेलेला शिपाई उभा राहिला. "खांबावरची नावं ज्या क्रमाने माणसं पडली त्या क्रमाने आहेत," तो म्हणाला. "ती यादी मीच दिली होती. टॉमस पडला आणि त्याच्यामागून एबल पडला. पळत होतो मी. मला गोळी लागली, तेव्हा उचलायला तो मागे फिरला. पळाला तो, असं सांगितलं मी... हे आजवर कुणालाच बोललो नाही."

म्हातारा क्रो टोपी हातात चुरगाळत बसून राहिला.

नाव कोरलं गेलं. ते पाहिलं आणि मी निघालो. साहेबाने परतीचं तिकीट दिलं आणि निरोपही दिला.

मुंबईहून अकोल्याला आलो तो घरी न जाता थेट हिवरखेडला. बायजाबाई रेच्यावरच होती. पण तोंड बंद.

"गाणं कुठं गेलं, बाई?"

"गेलं बाप्पा ते. जवारीची सोंगणी चालू होती तवा. सकायी उठली, तं काहीच आठवे ना. आता झोप लागते मले."

सभाही त्याच सुमाराची. दिवस तोच का, हे तिला सांगता आलं नाही, मलाही नाही. मी तिला सगळं सांगितलं— खांब, म्हातारा, कुबडीवाला. तिने रेचा थांबवला.

"मास्तर, त्या पोराची माय हाये का?"

मी विचारलंच नव्हतं! गाव पाहिलं, सभा पाहिली, वहीभर टिपणं आणली... आईचं मला सुचलंही नाही.

"इतक्या दूर गेलते तुमी," ती म्हणाली, "अन् एवढं नाई इचारलं? काहून?"

तिच्या तोंडी ती नावं कशी आली, हे मला आजही सांगता येत नाही. जाणत्यांना विचारून झालं. कुणी पूर्वजन्म म्हणतं, कुणी थट्टा करतं. एबलच्या आईचं विचारायला म्हाताऱ्याला पत्र टाकलं आहे. बोटीचं टपाल आलं की मी टपालकचेरीत जाऊन उभा राहतो. अजून उत्तर नाही. आणि हिवरखेडहून बाजाराला येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाकडे बायजाबाईचा एकच निरोप असतो— "मास्तरले इचारजो, समजलं का?"