गाडीतला बांगड्यांचा वास

गाडी जुनीच घेतली होती. लहान, पेट्रोलची, चार माणसं बसली की गुडघे दाराला लागणारी. माझी हयात मच्छीमार लाँचवर इंजिन सांभाळण्यात गेली. शाळेत चौथीच्या पुढे गेलो नाही. गाडी घेताना रंग बघितला नाही, सीट बघितली नाही. बॉनेट उघडून आवाज ऐकला आणि हो म्हटलं.

बायको म्हावरं विकायची. पहाटे मिरकरवाड्याच्या जेटीवर बांगडे, बोंबील, मिळेल ते घ्यायची. मागच्या सीटवर पाट्या ठेवून आम्ही वरच्या गावांत फिरायचो. गाडीनं कधी रस्त्यात उभं केलं नाही. लिटरला वीसच्या खाली आली नाही. त्यात थोडी माझीही करामत. उतार लागला की मी चावी फिरवून इंजिन बंद करायचो. डिझेल राखायची लाँचवरची खोड, ती काय जाते? बायको दाराला धरून ओरडायची, "आवो, ही होडी नाय! ब्रेक लागला नाय तर वल्हं मारणार काय?"

पाट्यांमधलं बर्फाचं पाणी सीटमध्ये मुरायचं. वास गाडीला लागला तो लागलाच. तिच्या पदरालाही तोच होता.

शिमग्याआधी एका सकाळी तिच्या छातीत कळ आली. गाडी एका चावीत सुरू झाली. उतार आला तरी मी इंजिन चालूच ठेवलं. तिनं डोळे उघडले.

"आज बंद नाय केलात?"

"गप बस," म्हटलं. आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

दवाखान्यात वेळेत पोचलो. तरी ती गेली. गाडीला बोल लावायला जागा नाही. कुणाला तरी लावावा असं फार वाटतं.

मुलगा मुंबईहून आला तो राहिला. म्हणाला, "बाबा, गाडी विकून टाका. तुम्हाला आता जायचंय कुठे?" खरंच होतं. कुठेच जायचं नव्हतं. पण मी रोज सकाळी काचा वर करून नुसता आत बसायचो. इंजिन लावायचो नाही. घरातल्या तिच्या साड्या धुऊन वाटून टाकल्या होत्या. ती होती ती एवढ्या गाडीतच. हे मुलाला सांगायची लाज वाटली.

संगमेश्वरहून एक आंबेवाला गाडी बघायला आला.

"अ‍ॅव्हरेज किती, काका?"

"माझ्या हातात वीस. पुढचं तुमच्या पायावर."

चक्कर मारून आला तो खूश होऊन. मग मागचं दार उघडलं आणि नाक धरलं. "इंजिन झकास आहे हो. पण यात हापूसच्या पेट्या ठेवल्या तर गिऱ्हाईक विचारेल, आंबा पाठवलात की बांगडा?"

मुलगा ओशाळला. मला हसू आलं. ती गेल्यावर पहिल्यांदाच.

दुपारी माझा डोळा लागला तेव्हा मुलानं गाडी धुवायला नेली. सीटा काढून फेसानं घासल्या, उन्हात वाळवल्या. आत लिंबाच्या वासाची डबी लावली. "बघा बाबा, नवी झाली!" बिचाऱ्यानं चांगल्यासाठीच केलं. मी आत बसलो, काचा वर केल्या. लिंबू. नुसतं लिंबू.

सकाळी जेटीवर गेलो. बांगडे घेतले, पाटी मागच्या सीटवर ठेवली आणि काचा लावून बसलो. वास आला. पण बांगड्यांचा आला.

घरी येऊन मुलाला म्हटलं, "आंबेवाल्याला फोन लाव."

त्यानं मागे डोकावून बघितलं. "अहो बाबा, परत मासे? कालच धुतली ना!"

"पुसून घे. आणि त्याला खरं काय ते सांग. वीस पडतं, पण उतारावर बंद करावी लागते."