उखर्डूआबांची फायनल

माझ्या सासऱ्यांना, उखर्डूआबांना, काळं अक्षर ठाऊक नव्हतं, आणि मला मास्तरीण त्यांनीच केलं. तीस वर्षं वर्गात हे सांगत आले. कुणी फिदीफिदी हसलं की मी त्याचा कान धरायची.

आमचं गाव फैजपूरजवळ. एकसष्ट साली नवरा जाऊन वर्ष झालं होतं, पदरात दोन वर्षांची पोर. सातवीची फायनल झाली की तेव्हा शाळेत नोकरी मिळे. मी एकदा नापास झालेली. सासूबाईंनी सांगून टाकलं, "आखरीचं एक डाव. नाही झाली तं विळा घे अन् केळीत चाल." त्यांचं तरी काय चुकलं? घर चालायचं होतं.

मी डोकं फोडून पाठ करी. पहिल्या ओळीपासून धडाधड म्हणायचं. मधला एक शब्द अडला की पुढचं सगळं गुल! सासऱ्यासमोर बोलायची रीत नव्हती, म्हणून मी दाराआड बसे आणि आबा ओट्यावर विडी ओढत. एक दिवस ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "पोरी, तू सुटं सुटं केळं वेचतीस. दांडा धर ना, बठ्ठा घड हातात येते."

आबांचा जन्म केळी कापण्यात गेलेला. त्यांनी मला विचारलं, काय पाठ करतीस? म्हटलं, नद्या. मग आम्ही घड बांधला. महाराष्ट्र हा दांडा. एकेक मोठी नदी एकेक फणी, वरची सगळ्यात भरलेली ती गोदावरी. उपनद्या म्हणजे फणीतली केळी. तापीच्या फणीला पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा. आधी फण्या मोजायच्या, मग एकेक फणी उतरवायची. इतिहासाचा घड वेगळा, आरोग्याचा वेगळा.

रोज दिवेलागणीच्या आधी मी दाराआडून घड उतरवी आणि आबा बोटांवर फण्या मोजत. एखादी फणी राहिली की नुसतं खाकरत. सासूबाई म्हणत, "ह्या म्हाताऱ्याले येड लागलं, दाराशी बोलते!" आळीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत. आबांना त्याचं काही नव्हतं.

परीक्षा भुसावळला होती. आबांनी गाडी जुंपली. भूगोलाच्या पेपरात भीमेच्या उपनद्या आल्या. एकही आठवेना. विळा डोळ्यांसमोर आला. मग स्वतःला दटावलं, अगं बाई, फण्या मोज. गोदावरी, तापी, कृष्णा... आणि पुढची भीमेच्या फणीची जागा रिकामी होती तिथे आबा खाकरले, अगदी कानाशी! नीरा आली, तिच्यामागे मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड, सीना.

परतताना ते पुढे बैल हाकत होते, मी मागे तोंड करून बसलेली. म्हणाले, "पेपर वाच." मी एकेक प्रश्न वाचला आणि आबांनी तिथल्या तिथे उत्तरं दिली. नद्या, किल्ले, पटकीची कारणं, सगळं. माझं ऐकता ऐकता माणूस स्वतःच शिकून बसला होता. मी पदराआड रडले. त्यांना कळलं असावं, कारण उगीच बैलांवर ओरडले.

निकाल लागला. सासूबाईंनी विळा आढ्याला खोचला आणि माझ्या तोंडात गूळ कोंबला. मी दाराआडून म्हटलं, "आबा, पास झाले."

"अन् मी?"

"तुम्ही तर पहिल्या नंबरानं."

आबा खो खो हसले. मग विडी विझवून म्हणाले, "मंग फायनल झालेला मानूस आंगठा कसा देईन?"

बाई, त्या माणसाचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडू! रीत गेली चुलीत. मी पाटी घेतली, उंबरा ओलांडला, भर आळीदेखत ओट्यावर त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात हातात धरून पहिला 'उ' काढला.