आईचा डोळा आणि माझं नखुरडं

उजव्या अंगठ्यावर अर्ध्या लिंबाची टोपी चढवून मी ऑफिसात बसले होते, आणि येणारा-जाणारा एकच विचारत होता, "मॅडम, परत?" हो बाबांनो, परत! नखं खाणाऱ्या बाईला नखुरडं नाही होणार तर काय होणार? कडेची सालपटं दातानं ओढायची, मग कातडी फाटते, थुंकीनं ओली राहते, तिथून घाण आत शिरते आणि बोट टम्म फुगून ठसठसत बसतं. हे सगळं मला पाठ आहे. पाठ असून उपयोग काय? हात तोंडाशी जातो तो मला विचारून जात नाही.

उपाय तर विचारूच नका. लहानपणी आईनं बोटांना कडुलिंब चोळला, तो मी चाटून संपवला. मिरची लावली, तर तेच बोट डोळ्यात गेलं आणि मी घर डोक्यावर घेतलं. पुढे मैत्रिणीनं मुंबईहून कडू नेलपॉलिश आणून दिलं, त्याचीही सवय झाली. वर सल्ले आहेतच, "मनावर घे ना जरा!" अहो, मन थाऱ्यावर नसतं म्हणूनच तर खाते!

या वेळी घोर होता आईच्या डोळ्याचा. तिचा डावा डोळा काचबिंदूनं केव्हाच गेला होता, आणि उरलेल्या एकुलत्या एक डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. रेवदंड्याच्या घरात आम्ही दोघीच. अलिबागच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस सांगितला आणि मी एकेक बोट कुरतडत सुटले. काही बिघडलं तर? दुसरा विचारच सुचत नव्हता.

ऑपरेशन छान झालं, दुसऱ्या दिवशी आईच्या डोळ्यावरची पट्टी सुटली. नर्सबाई मला डोळ्यात थेंब कसे घालायचे ते दाखवायला आल्या आणि माझा अंगठा बघून थबकल्या. त्यांनी डॉक्टरांनाच बोलावलं. "यात पू आहे," डॉक्टर म्हणाले. "हे जंतू आईच्या डोळ्यात गेले तर डोळा जाईल. बोट बरं होईपर्यंत तुम्ही हात लावायचा नाही. आणि ते लिंबू आधी काढा. फाटलेल्या कातडीला आणखी कशाला झोंबवताय?"

शेजारच्या दवाखान्यात माझा पू काढला, पट्टी बांधली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, सालपट ओढायचं नाही, नेलकटरनं कापायचं. नखं बारीक ठेवायची, झोपताना बोटांना खोबरेल लावायचं, आणि हात कधी तोंडाशी जातो ते ओळखून तेव्हा हाताला दुसरं काम द्यायचं.

थेंब घालायला उरणहून वहिनी आली. हिच्या कालवणाला आईनं आजवर कधी चांगलं म्हटलेलं नाही, आणि आता तीच आई हिच्या मांडीवर डोकं ठेवून निमूट पडलेली! मी आपली पट्टी बांधलेला अंगठा घेऊन दाराशी उभी. काळजीनं नखं खाल्ली मी, आणि काळजी घ्यायची वेळ आली तेव्हा मीच दाराबाहेर. असला संताप आला स्वतःचा!

दुसऱ्या दिवशी आईच्या डोळ्यावरची पट्टी सुटली. आल्याबरोबर तिला आधी छपराची जळमटं दिसली, त्यावरून मी बोलणी खाल्ली. मग माझा हात ओढून घेतला.

"बाय गो, हे काय करून ठेवलंस? हे कालचं न्हाय."

"तू नखांवरून बोलायची थांबलीस. मला वाटलं, कंटाळलीस."

"कंटाळते कसली! दिसत न्हवतं मला." आणि फाटकन हातावर चापट मारली, अगदी शाळेतल्यासारखी. वहिनी हसली. मला मात्र रडूच फुटलं.

अंगठा बरा झाला, वहिनी उरणला गेली आणि थेंब माझ्याकडे आले. पण आईची अट, "आधी हात दाखव." खिडकीशी बसून एकेक बोट उलटसुलट बघायची, मगच आडवी व्हायची. एकदा करंगळी कुरतडलेली सापडली, तर डोळा गच्च मिटून बसली. "न्हाय घालून घेत. डोळा गेला तर तुझ्या करंगळीपायी गेला, असं सांगेन सगळ्यांना." काय बाई आहे ही! औषधाची वेळ टळत चालली, मी हातापाया पडले, साबणानं हात धुऊन आले, तेव्हा कुठे डोळा उघडला. त्या दिवसापासून हात तोंडाशी गेला की तो मिटलेला डोळा समोर येतो आणि हात खाली येतो.

थेंब संपले. नखं कापावी लागतील इतकी वाढली. परवा बघते तर ही खिडकीशी बसून हाका मारतेय.

"अगं, औषध संपलं ना!" मी खेकसले.

"औषध संपलं. डोळा हाय ना अजून," ती म्हणाली. "दाखव हात."