आक्काला सांगावं लागलं

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. मला वाढवलं थोरल्या बहिणीनं, आक्कानं. माझी वेणी घालून मगच ती शाळेला निघायची, आणि पुढं माझ्यासाठी तिनं शाळाही सोडली. त्यामुळे तिला काही सुनावायचं म्हटलं की माझी जीभच उचलत नसे.

ती तिसगावात राहते, मी नगरला. महिन्यातून एकदा एसटीनं येते; पिशवीत बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि माझ्या संसारातल्या चुका काढायची हौस घेऊन. मला बोलली तर चालायचं. पण माझी लेक बोलताना अडखळते. तिचा शब्द अडला की आक्काच तो पुरा करायची, वर म्हणायची, "नीट बोल की बाई. उद्या सासरी कसं व्हायचं तुझं?" होता होता, आक्का आली की लेक बोलायचीच बंद झाली. एकदा पाणी हवं होतं, तर तिनं नुसतं तांब्याकडे बोट दाखवलं.

त्या दिवशी भाकरी थापता थापता मी आक्काला म्हणाले, "तिचं वाक्य तिला पुरं करू दे. कितीही वेळ लागू दे. आणि सासरचं काढायचं नाही. हे जमत नसेल तर मीच तिसगावला येत जाईन. तू इकडं येऊ नको."

"म्या काय तिची वैरीन हाय व्हय?"

"नाहीस. म्हणून तर सांगतेय."

तव्यावरची भाकरी करपली. आक्का न जेवता दुपारच्या गाडीनं निघून गेली. मी खूप रडले, पण फोन करून शब्द मागे घेतला नाही.

तीन आठवड्यांनी मीच तिच्याकडे गेले. तिनं शेंगोळे वाढले, माझ्या आवडीचे. हात धुतल्यावर म्हणाली, "पोरीला लाव फोन."

शाळेमागं मांजरीनं पिल्लं घातली होती, तेच लेक सांगत होती. 'पिल्लं'वर अडली. आक्कानं पदराचं टोक दातात धरलं. शब्द येईपर्यंत धरूनच बसली. मग हळूच विचारलं, "किती हायेत गं?"

अजूनही कधी कधी ती मधेच बोलते. मी नुसतं "आक्का" म्हणते, की "व्हय, व्हय" करत थांबते. लेक हल्ली रविवारी आपणहून मावशीला फोन लावते, आणि स्वयंपाकघरात मला जास्त आवाज लेकीचाच ऐकू येतो.