राजाच्या गाडीचा दिवा

आबा धुरी मोटारसायकलवरून उतरले की आधी गाडीचे तोंड पुसत. खांद्यावरचा पंचा काढायचा, पुढच्या दिव्याच्या काचेवर फुंकर मारायची आणि ती गोल गोल अशी पुसायची, की बघणाऱ्याला वाटावे, पोराला शाळेत पाठवायची तयारी चालली आहे. स्वतःचा घाम नंतर. "माझ्या तोंडाचा काय घेवन बसलास," ते म्हणत, "काळोखात लोक माका वळखनत नाय, दिव्याक वळखतत."

आबा दशावतारात राजा होते. दिवसा ते आमच्या गावात, मिठबावच्या अलीकडे, माडांना पाणी लावत; जत्रांचा हंगाम सुरू झाला की अंधार पडताच मुकुट चढवत. कंपनीची बहुतेक मंडळी कपडे-मुकुटांच्या पेटाऱ्याबरोबर टेम्पोत बसून गावोगाव जायची. आबा टेम्पोत बसत नसत. "राजा स्वतःच्या वाहनान जाता," हे त्यांचे एक ठरलेले वाक्य. दुसरे ठरलेले वाक्य, "राजा मान खाली घालणा नाय." ही वाक्ये ते रंगमंचावर म्हणत तेव्हा टाळ्या पडत. रस्त्यावर म्हणत तेव्हा काय पडले, ते पुढे सांगते.

मला ते 'पत्रकबाय' म्हणत. आमचे वडील गावात पत्रके काढायचे. पाणी, एसटी, दारूचा गुत्ता, काहीही असो, पत्रक ठरलेले. मी अक्षरे गिरवली ती त्यांच्या मथळ्यांवर, आणि कणकवलीला कॉलेजात जाऊ लागल्यावर स्वतःचीही काढू लागले. माझे पहिले पत्रक साकवाजवळच्या विजेच्या खांबाबद्दल होते. व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, तो साकव म्हणजे गावात शिरायची एकमेव वाट; एक गाडी आणि एक माणूस कसेबसे मावतील एवढीच रुंद, कठडा नाही. तिथे पंचायतीने खांब उभारला. खांबाला हार घातला, नारळ फोडला, भाषण झाले. दिवा मात्र बसवला नाही. खांबाचे उद्घाटन झाले, दिव्याचे राहिले. आबांनी पत्रक शेवटपर्यंत वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि म्हणाले, "बरा लिवलंस गो. पण खांब पंचायतीचो, दिवो आपलो. आपलो दिवो मोठो केल्याशिवाय काय खरा नाय."

मला ते तेव्हाही पटले नव्हते. पण गावाला पटले. सगळ्यांनी मिळून एक दिवा मागण्यापेक्षा प्रत्येकाने आपापला वाढवणे आमच्याकडे सोपे समजतात.

आबांची अडचण खोटी नव्हती. त्यांच्या जुन्या गाडीचा दिवा इंजिनाच्या जोरावर पेटायचा. गाडी पळताना झकपक, वळणावर वेग कमी केला की काजव्याएवढा. म्हणजे उजेड हवा तेव्हाच तो जायचा. "माझो दिवो ग्रामसभेसारखो," आबा म्हणत, "गरज लागली काय गप." तशात समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने दिव्यातली उजेड परतवणारी चकचकीत वाटी काळवंडली होती.

तिठ्यावरच्या इनासच्या गॅरेजात त्यांनी दिव्याची चौकशी केली. इनासचे तत्त्व एकच, गिऱ्हाइकाला नाही म्हणायचे नाही. त्याने नवी वाटी दाखवली, बॅटरीवरून थेट वायर ओढून द्यायचे कबूल केले आणि दोन बल्ब समोर ठेवले. एक पिवळा, एक पांढरा.

"पिवळो चांगलो काय रे?" आबांनी विचारले.

"पिवळो एकदम चांगलो. धुक्यात, धुरळ्यात बरो दिसता."

"मगे पांढरो?"

"पांढरो तर लयच चांगलो. मिठबावाक लावलास तर देवगडाक दिसतलो."

"मगे घेव खंयचो?"

"दोनव घेवा, राजानू."

मग गाव कामाला लागले. पारावर, सलूनमध्ये, किनाऱ्यावर रापणीची जाळी ओढताना, सगळीकडे एकच विषय. ज्यांच्याकडे सायकलही नव्हती त्यांची मते सर्वांत ठाम होती. शेवटी आबांनी आमच्या गावच्या रीतीप्रमाणे केले. त्यांनी देवाला कौल लावला.

हो, बल्बासाठी. लग्न, जमीन, बोट, आजारपण, सगळे देवाला विचारतात. मग बल्बाने काय घोडे मारले होते? गुरवाने मूर्तीला उजव्या-डाव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर पांढरा, डावीकडची पडली तर पिवळा. मग गाऱ्हाणे घातले. "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू रातीचो गावोगाव फिरता, तेच्या गाडयेक बरो उजेड गावांदे रे म्हाराजा!" जमलेल्यांनी एका सुरात म्हटले, "व्हय म्हाराजा!" उजवीकडची पाकळी पडली. इनासने एक उदबत्ती जास्त लावली. पांढरा महाग होता.

त्या दिवसापासून आबा आमच्या रस्त्यावर सूर्यासारखे उगवू लागले. समोरचा सायकलवाला कडेच्या दगडी गडग्याला टेकून उभा राही, म्हशी माघारी फिरत. समोरून गाडी आली की दिव्याचा झोत खाली करायचा, डिप्पर मारायचा, ही साधी रीत. आबा मारत नसत. "डिप्पर म्हंजे मान खाली घालना," ते म्हणत. "आणि राजा..." पुढचे सगळ्यांना पाठ होते.

हे सगळ्यांत जास्त झोंबले बाबू परबाला. बाबू त्याच कंपनीत राक्षस व्हायचा. रंगमंचावर रोज आबांच्या हातून मरायचा आणि येताना-जाताना रस्त्यावर डोळे दिपवून घ्यायचा. त्याने इनासकडून आपल्या मोटारसायकलला आबांच्यापेक्षा मोठा दिवा बसवला आणि बाजूला आणखी दोन लावले. "राक्षसाक तीन डोळे आसले तर बिघाडला काय?" आता दोघेही एकमेकांना आंधळे करत, आणि दोघेही घरी जाऊन सांगत की रस्ता आता कसा लख्ख दिसतो.

एका तिन्हीसांजेला आबा खेळाला निघाले होते. बाबू पुढे गेला होता, पण त्याची राक्षसाची दाढी घरी राहिल्यामुळे उलटा फिरला. दोघे साकवाच्या दोन टोकांना समोरासमोर आले. आबांचा झोत वर, म्हणजे अप्पर, बाबूचाही अप्पर. कुणी खाली करेना. दोघेही गाडी पुढे काढू लागले.

साकवाच्या मधोमध गावातली मासेवाली जानकी होती. डोक्यावर बांगड्यांची टोपली. होड्या सांजेला लागतात, म्हणून ती रोज त्याच वेळी दारोदार मासळी विकायला निघे. तिला पुढे पांढरे दिसले, मागे पांढरे दिसले, पायाखालचे दिसलेच नाही. ती टोपलीसकट खाली व्हाळात पडली. पाणी गुडघ्याएवढेच होते म्हणून वाचली, मनगट मोडले. बांगडे वाहत गेले. दोघे खाली उतरले तेव्हा चिखलात बसूनच ती म्हणाली, "मेल्यांनो, एक राजा आणि एक राक्षस, आणि दोघांका मिळान एक बाय दिसूक नाय!"

आठवड्याभरात पंचायतीत सभा झाली. सरपंच एरवी आमच्यासारखेच बोलत, पण खुर्चीत बसले की त्यांना प्रमाण मराठी होई. "सदर घटना दुर्दैवी आहे," ते म्हणाले. "तरी सूचना अशी, की महिलांनी टोपली घेऊन तिन्हीसांजेला साकवाचा वापर टाळावा." माना डोलल्या. मी उठून बोलले, खांबाचे विचारले. 'तुम्ही लेखी द्या' असे उत्तर आले. लेखी तर मी गावभर वाटले होते. जानकी हात गळ्यात बांधून दाराशी उभी होती. टोपली बंद म्हणजे चूल बंद, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होते.

तेवढ्यात आबा उठले. सवयीने म्हणाले, "प्रजाजनहो!" लोक हसले.

"हसा नको," आबा म्हणाले. "ताजी मासळी रातच्या जेवणाक सगळ्यांका होयी. आणि ती दारात हाडून देणारी बाय रस्त्यार नको? मगे ती चलतली खंयच्यान, ढगातसून? दोष साकवाचो नाय, बायचोव नाय. दोष माझ्या आंगठ्याचो. डिप्पराचा बटान तेच्याच खाली होता."

सूचना तशीच विरली. त्या सभागृहात चूक कबूल केल्याचे मी ऐकले ते तेवढेच एकदा, आणि ती कबूल करणाऱ्या माणसाकडे पंचायतीतले कुठलेच पद नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावाने जे पाहिले ते कुठल्या आख्यानात नाही. राजाच्या गाडीला मागे बांगड्यांची टोपली बांधलेली आणि राजा व टोपली यांच्यामध्ये जानकी. ती दारात उतरून भाव करी. आबा गाडीवर बसून तराजू धरत. समोरून कुणी आले की ती चांगल्या हाताने त्यांच्या पाठीत धपका घाली. "खाली कर रे, माणूस आसा!" आबा दिवा खाली करत. कधी समोर नुसता कुत्रा असे, तरी धपका बसे. "कुत्र्याक डोळे नाय काय?"

"राजानू, अंगाक बांगड्याचो वास येता," कंपनीतले लोक नाक धरून म्हणत. "येवंदे," आबा म्हणत, "प्रजेचो वास आसा."

जानकीचा हात बरा झाला, ती पुन्हा चालू लागली. आबांचा दिवा मात्र खालीच राहिला. बाबूने त्यांना डिवचले, "देवान पांढरो दिवो दिल्यान, तुम्ही तो जमनीक दाखयतास? देवाचो अपमान नाय?" आबांनी हे मनाला लावून घेतले आणि थेट गुरवाला जाऊन विचारले. गुरव शहाणा होता. म्हणाला, "देवान पांढरो सांगल्यान. अप्पर सांगूक नाय." कौल या प्रकाराविरुद्ध मी दोन पत्रके काढली आहेत. पण गुरवाचे ते एक वाक्य मी स्वतःच गावभर सांगत फिरते.

त्याच हंगामात आमच्या गावच्या जत्रेत त्यांचा खेळ झाला. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, जो तो उभ्या उभ्या बोलतो. एका बाजूने राजा आला, दुसऱ्या बाजूने राक्षस. बाबू गरजला, "कोण रे तू? सोड माझी वाट!" यावर आबांचे उत्तर लहान पोरांनाही पाठ होते, वाट सोडील तो राजा कसला. लोक टाळीसाठी हात उचलून बसले.

आबांनी तलवार खाली टेकली. "दैत्यराज," ते म्हणाले, "वाट अरुंद आहे आणि मधून माणसे चालताहेत. ये. आधी तू ये." आणि त्यांनी मुकुटासकट मान खाली घातली.

पेटीवाल्याने एकच सूर धरून ठेवला. बाबूने इकडे तिकडे पाहिले, स्वतःही मान घातली आणि गुपचूप बाजूने निघून गेला. बायकांच्या घोळक्यातून जानकीचा आवाज आला, "आता खरो राजा झालो गो!"

दोन पावसाळ्यांनंतर आबा गेले. ताप आला, अंगावर काढला, मग उशीर झाला. त्यांना नेताना बाबू सगळ्यांच्या पुढे होता. गाडी त्यांच्या पुतण्याकडे आहे. साकवाजवळच्या खांबावर एकदा दिवा लागला होता, एक मंत्री त्या वाटेने जायचे होते म्हणून. ते गेल्यावर तो काढून नेला. मी अजून पत्रके काढते आणि काढत राहणार. आपापले दिवे वाढवून गाव उजळत नाही, हे मला व्हाळात पडलेल्या एका टोपलीने कायमचे शिकवले आहे.

पण खांबाने केले नाही ते आबांच्या गोष्टीने केले. आमच्याकडे आता साकवावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की दोघांनाही घाई होते, आपला दिवा आधी खाली करायची. जो आधी करतो त्याच्याकडे बघून चालणाऱ्या बायका टोपली सावरत म्हणतात, "सरा गो बाजूक, राजा इलो."